ओली कड

१

पांढरा रंग चुका पोटात घालतो. गडद तपकिरी रंग त्या चारचौघांत मांडतो. भिंत रंगवता रंगवता पाच-दहा मिनिटं थांबलं, की थांबल्या जागी कड वाळते, आणि पुढचा पट्टा तिच्यावर चढला की तिथं वळ उमटतो. पाठीवर छडीचा उमटतो तसा. तो घासून जात नाही, झाकून जात नाही. अख्खी भिंत परत घ्यावी लागते.

म्हणून दोघे भाऊ असल्या रंगाला ठरलेल्या रीतीनं भिडायचे. दादा शिडीवर, हातात दोन इंची ब्रश. छताची कड, खिडकीची चौकट, बटणांची पाटी, जे जे हलवता येत नाही त्याच्याभोवती तो रेघ ओढत पुढं सरकायचा. ह्याला ते कटिंग म्हणत. धाकटा खाली रोलर घेऊन त्या रेघेला गाठत यायचा. दादा म्हणायचा, "ओली कड तुटू द्यायची नाही. मेलास तरी पट्टा पुरा करून मर." घडीच्या शिडीच्या एका पायाचं रबर कधीच गेलं होतं. त्यामुळं दादा वर टोकाला वाकला, की धाकट्यानं कोऱ्या भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि उजवा पाय उचलून पहिल्या पायरीवर दाबून धरायचा. नवं रबर आणायचं दोघांच्याही रोज लक्षात यायचं आणि रोज राहून जायचं.

सोळा दिवसांपूर्वी, दातांच्या डॉक्टरच्या दिवाणखान्यात, दादा त्या शिडीवरून पडला. खिडकीच्या दगडी कट्ट्यावर डोकं आपटलं. बादलीही आडवी झाली आणि फरशीवर तपकिरी तळं साचलं. धाकट्यानं त्यात दोन्ही हात घातले, तेव्हा रंग कुठला आणि रक्त कुठलं हे डोळ्यांना कळेना. हातांना कळलं. रंग थंड असतो.

पोलिसांनी अपघात लिहिला. धाकट्याला तो पटला नाही. घरात त्या वेळी डॉक्टर होता, आणि सकाळीच त्याची नि दादाची भिंतीवरच्या एका वळावरून बाचाबाची झाली होती. आपण मोरीत रोलर धुवायला गेलो होतो, आवाज ऐकून धावत आलो. मग शिडी पाडली कुणी?

आज तो परत चालला होता. अर्धी राहिलेली भिंत पुरी करायचीय, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खिशात पुट्टी खरवडायची पत्री होती, आणि काल तासभर दगडावर घासून त्यानं तिला वस्तऱ्याची धार आणली होती. डॉक्टरच्या तोंडून खरं काढायचं, आणि मग त्याचा गळा उतरवायचा. ह्यापुढचं काही त्यानं ठरवलं नव्हतं. पुढचं ठरवणं हे नेहमी दादाचं काम असायचं.

२

दार डॉक्टरच्या बायकोनं उघडलं.

"एकटाच आलास?" ती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. "म्हणजे... ये. आत ये."

"डॉक्टर कुठायत?"

"परगावी गेलेत. उद्या दुपारपर्यंत येतील. गुडघ्याचं दाखवायचं होतं, तो काही वाकत नाही अजून." मग ती भिंतीकडं न बघता म्हणाली, "मी ह्यांना आधीच म्हटलं होतं, हा रंग खोली गिळतो म्हणून. पण कुठंतरी चित्रात पाहिलं, तपकिरी भिंत, पुढं पांढरा सोफा. घेतलं मनावर. लहान मुलासारखं आहे."

सोफ्यावर चादर होती. तीन भिंती पांढऱ्या होत्या. चौथी खिडकीपासून मध्यापर्यंत तपकिरी आणि तिथून पुढं कोरी. फरशी इतकी स्वच्छ घासली होती की तेवढाच तुकडा बाकीच्या फरशीहून उजळ दिसत होता. धाकट्यानं त्यावर पाय दिला नाही. वळसा घालून गेला.

आधीची अर्धी भिंतही पहिल्यापासून घ्यावी लागणार होती. त्यानं नवा डबा फोडला, काठीनं ढवळला. हा रंग ओला असताना कोऱ्या चहासारखा तांबूस दिसतो आणि वाळत जातो तसा काळवंडतो. कटिंगचं शेवटी बघू म्हणून त्यानं रोलर उचलला. कटिंग त्याला कधीच जमली नाही. दादा म्हणायचा, "तुझी रेघ म्हणजे गांडूळ चाललंय. आणि तेही पिऊन."

तीन पट्टे झाले तशी बाईनं चहाला हाक मारली. तो ओट्यापाशी उभ्या उभ्या चहा पिऊन परतला, एवढाच वेळ.

छताच्या कडेला हातभर लांब रेघ ओढलेली होती. दोऱ्यासारखी सरळ.

"बाई, इथं कोण आलं होतं?"

"कोण येणार? मी तर तुझ्यासमोर होते."

"वर छताला रंग कुणी लावला?"

ती पदराला हात पुसत आली, मान वर करून बघितलं. "तूच की. छान आलीय."

शिडी कोपऱ्यात मिटून ठेवली होती, त्यानं ठेवली तशीच. ही दादाचीच जुनी रेघ असणार, असं त्याच्या मनात आलं. पण जुनी काळपट दिसली असती. ही चहाच्या रंगाची होती. शिडी उघडून तो वर चढला. चढताना शिडी डुगडुगली, कारण खाली दाबून धरायला कुणी नव्हतं. त्यानं रेघेला बोट लावलं.

थंड. ओली.

मग त्यानं स्वतःची समजूत घातली. सोळा दिवस डोळ्याला डोळा नाही. हात सवयीनं चालतात, डोकं ठिकाणावर नसलं तरी. आपणच ओढली असेल आणि विसरलो असू. फक्त एवढंच, की ब्रश त्यानं आणलाच नव्हता. तो घरी होता.

३

दादाचा ब्रश वहिनीच्या ओट्यावर, खिळ्याला टांगलेला असायचा. रोज संध्याकाळी दादा तो धुवायचा, केस बोटांनी विंचरायचा आणि टांगायचा. वहिनी म्हणायची, "माझी वेणी कधी एवढ्या प्रेमानं घातली नाहीत."

धाकटा घरी पोचला तेव्हा ती ओटा पुसत होती.

"भावोजी, ब्रश वापरलात तर वापरलात, नीट झटकून टांगत जा. सगळे थेंब खाली पडलेत."

ब्रशच्या टोकातून पाणी निथळत होतं. चहाच्या रंगाचं.

"मी नाही नेला," तो म्हणाला.

"मग काय चालत गेला?" ती हसल्यासारखं करून थांबली. त्याच्यापुढं ताट ठेवून समोर बसली. रोज बसायची तशी, आणि रोजचंच तिनं विचारलं. "तुम्ही तेव्हा कुठं होतात, भावोजी?"

"किती वेळा सांगू, वहिनी? टेप आणायला खाली गेलो होतो."

"काल रोलर धुवायला म्हणालात."

त्यानं ताट उचलून भिंतीवर भिरकावलं. ताट फरशीवर बराच वेळ गरगरत राहिलं. वहिनीनं जागेवरून हलून काही गोळा केलं नाही.

"मला कुणाला फासावर द्यायचं नाही," ती म्हणाली. "मला एवढंच कळायला हवंय, की शेवटी ते एकटे होते, का जवळ कुणी होतं. तेवढं कळलं की मी झोपेन."

"उद्या सांगतो," धाकटा म्हणाला. त्याचा हात खिशातल्या पत्रीवर होता. "उद्या डॉक्टर येतोय. शपथेवर सांगतो, उद्या तुम्हाला नाव आणून देतो."

वहिनीनं त्याच्याकडं बघितलं. तिच्या बघण्यात आभार नव्हते, आणि ते त्याला झोंबलं.

४

सकाळी निघताना त्यानं खिळ्याकडं बघायचं टाळलं.

डॉक्टरच्या घरी तो खोलीत शिरला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण आवाजाची वाट बघतोय. दादाची सवय होती. ब्रश बुडवला की डब्याच्या काठावर दोनदा आपटायचा, जास्तीचा रंग उतरवायला. टक, टक. मग भिंतीवर सर्र. वीस वर्षं धाकट्यानं तो आवाज ऐकला होता. शाळा सुटली ती ह्याच आवाजासाठी.

बाई बाजारात जाते म्हणून गेली. त्यानं रोलर बुडवला, भिंतीकडं तोंड केलं आणि सुरुवात केली.

टक, टक.

तो आवाज त्याच्या पाठीमागून, वरून आला. त्यानं वळून बघितलं नाही. वळलो तर थांबेल, असं त्याला वाटलं. भीती वाटायला हवी होती. त्याऐवजी त्याचा ऊर असा भरून आला की त्यानं रोलरची काठी दोन्ही हातांनी धरली. छताखालून तांबूस रेघ पुढं सरकत होती. ब्रश दिसत नव्हता. हात दिसत नव्हता. सर्र करून बोटभर रुंद ओलावा भिंतीवर येत होता आणि पुढं जात होता, आणि खाली धाकटा त्याला गाठत चालला होता.

"सावकाश घे की," तो हळूच म्हणाला. "मला पोचू दे."

रेघ थोडी मंदावली.

मग तो बोलतच सुटला. वहिनी जेवत नाही हे सांगितलं. तुझे बूट मी घालतो, सैल होतात, हेही सांगितलं. रडला, नाक बाहीला पुसलं, पण रोलर थांबवला नाही. बटणांची पाटी आली, तिच्याभोवती चौकोन पडला. खुंटी आली, तिच्याभोवती गोल. आधीच्या अर्ध्या भिंतीवरचा वळ नव्या रंगाखाली गेला आणि त्याचा मागमूस राहिला नाही. एवढी चांगली भिंत त्या दोघांनी जन्मात मारली नव्हती.

भिंतीच्या मध्यापलीकडं रेघ अचानक खाली वळली.

तिथं काही नव्हतं. कोरी, सपाट भिंत. ना खिडकी, ना खुंटी. तरी ब्रश छत सोडून खाली उतरला आणि कशाला तरी वळसा घालत चालला. काही हलवता येत नसेल तर त्याच्याशी भांडायचं नाही, भोवतीनं कटिंग मारून पुढं जायचं, ही दादाची शिकवण. पण भिंतीला लागून इथं काय उभं होतं?

आधी एक गोलसर बाक आला. मग आत एक खाच, आणि बाहेर उतार. धाकटा रोलर फिरवत होता आणि बघत होता. खांद्यावरून रेघ कोपराला गेली. कोपरावरून कमरेला. एक पाय सरळ खाली उतरून फरशीला टेकला. दुसरा मात्र गुडघ्यात वाकून बाजूला वर उचललेला होता, फरशीपासून वीतभर.

रेघ परत वर जाऊन छताला मिळाली. आवाज थांबला.

तपकिरी भिंतीत माणसाएवढी पांढरी आकृती कोरी राहिली होती.

धाकट्यानं रोलर खाली ठेवला. त्याच्या अंगाला घाम सुटला आणि त्या घामात त्याला हसू आलं. दादानं दाखवलं होतं. त्या दिवशी शिडीला लाथ घालून कोण उभं होतं, ते दादानं भिंतीवर मांडलं होतं. आता फक्त तो माणूस आणून त्या साच्यात बसवायचा होता.

५

डॉक्टर दुपारी आला. काठी टेकत, डावा पाय ओढत, हातात पिशवी. बाई अजून परतली नव्हती.

"अरे, तू आलास होय. बरं झालं," तो म्हणाला. "भिंत तर... हे मध्ये काय सोडलंस?"

धाकट्यानं त्याची गळपट्टी धरली. काठी फरशीवर खडखडत गेली. त्यानं डॉक्टरला फरफटत नेऊन त्या पांढऱ्या जागेवर असं आपटलं, की चष्मा एका कानावर लोंबकळला. डॉक्टरनं ओरडायला तोंड उघडलं तशी त्याच्या पोटात गुडघा बसला, आणि ओरडण्याऐवजी हवा बाहेर आली. पत्री गळ्याला लागली. धार इतकी चांगली होती की दाब न देताच कातडी उघडली आणि लाल मणी ओघळून सदऱ्यात गेला.

"नीट उभे राहा," धाकटा म्हणाला. "पाय वर घ्या."

"काय?"

"तो पाय उचला. उजवा. तुम्ही तेव्हा उचलला होता तसा."

डॉक्टरनं प्रयत्न केला. सगळा भार डाव्या पायावर आला, ताठ गुडघा कण्हला आणि तो माणूस भिंतीवरून घसरला. धाकट्यानं त्याला पुन्हा उभं केलं, पुन्हा आपटलं. डोकं खांद्याच्या रेघेपर्यंतच पोचत होतं. पोट दोन्हीकडून साच्याबाहेर येत होतं. त्यानं डॉक्टरच्या मांडीला लाथ मारली, पाय जागेवर बसावा म्हणून. पुन्हा मारली. लहानपणी आखूड झालेला बूट चढवताना, टाच आत जाईना म्हणून त्यानं असाच पाय आपटला होता.

"बसत का नाही?" तो ओरडला. "कुणी पाडलं त्याला?"

"मी पाहिलं नाही." डॉक्टरचा आवाज फुटला होता. "मी आतल्या खोलीत होतो. ऐकलं फक्त. तुझा भाऊ म्हणाला, फोनवर बोलत बसलास आणि कड वाळवलीस, उद्यापासून येऊ नकोस. मग तू काहीतरी ओरडलास. मग शिडी पडली."

"मी मोरीत रोलर धूत होतो."

"त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं, बाळा. सकाळी मीच तुम्हाला बादली भरून दिली होती."

धाकट्याची पत्री तिथंच राहिली. फक्त तिच्यामागचा जोर निघून गेला.

"पोलिसांना का नाही सांगितलं?"

डॉक्टरनं श्वास घेतला. "पोलिस आले तेव्हा तुझी वहिनी जिन्यात बसली होती. तिच्या घरात तू एकटाच उरला होतास. कुणाला काय मिळणार होतं सांगून?"

त्या दिवशीची एक लाथ. शिडीला. दादाला नाही. पाय पायरीवर होताच, तो फक्त मागं घेतला आणि पुढं मारला. घाबरवायला. डॉक्टरला ऐकू जाईल असं गाढव म्हणाला म्हणून. रबर असतं तर शिडी नुसती हलली असती.

पत्री खाली पडली. डॉक्टर भिंतीवरून फरशीवर घसरला आणि साच्यापासून दूर, समोरच्या सोफ्यापाशी सरकून बसला, दोन बोटांनी गळा दाबून धरून. चष्मा त्यानं सावरून डोळ्यांवर घेतला.

६

धाकटा मागं वळला आणि त्यानं त्या कोऱ्या जागेत भिंतीला पाठ लावली.

डोकं बरोबर बाकात गेलं. खांदे खांद्यांत. कोपर कुठं जायचं हे कोपरालाच माहीत होतं. उजवा पाय आपोआप उचलला गेला, गुडघ्यात वाकला आणि फरशीपासून वीतभर वर थांबला. कुठंही फट राहिली नाही.

टक, टक.

ब्रशचे ओले केस त्याच्या कानामागं टेकले. मानेच्या कडेनं ब्रश खाली उतरला, इतका सावकाश की कातडीला रंगाचा कणही लागला नाही. दादाचा हात कधीच हलायचा नाही. खांदा, कोपर, कंबर. हा रंगाचा दुसरा हात होता, पहिल्यावर चढवलेला, आणि दुसऱ्या हाताला दादा नेहमी जास्त वेळ घ्यायचा.

डॉक्टर फरशीवरून वर बघत होता. धाकट्याकडं नाही, त्याच्या बाजूला, वर. त्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन लहानशा शिड्या उघडलेल्या दिसत होत्या, आणि दोन्ही शिड्यांच्या वरच्या पायरीवर दोन पावलं, टाचा उचललेली. टोकाला वाकल्यावर उचलतात तशी.

धाकट्यानं मान वळवली नाही. पण उचललेल्या पायाच्या तळव्याखाली त्याला पायरी लागली. गार, लोखंडी, ओळखीची. त्यानं तिच्यावर भार दिला. पायरीला वरून कंप येत होता, माणूस वर काम करत असला की येतो तो.

"दादा," तो म्हणाला, "धरलीय मी. खाली बघू नकोस. धरलीय."

वर ब्रश चालतच राहिला. सर्र, सर्र एवढाच आवाज. वहिनीला काय सांगायचं ते आता त्याला कळलं होतं. ते एकटे नव्हते, वहिनी. मी जवळ होतो. एवढं सांगायला घरी जायला हवं होतं, आणि घरी जायला पाय खाली घ्यायला हवा होता.

तो एका पायावर उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. डॉक्टर सरपटत दाराकडं गेला, जिन्यात कुणाला तरी हाका मारू लागला. तो पाय, ज्याच्यावर सगळा भार होता, मांडीपासून थरथरायला लागला. ती थरथर कमरेतून दुसऱ्या पायात गेली, आणि दुसऱ्या पायातून पायरीत. वर शिडी हलकेच करकरली. रबर नसलेला पाय फरशीवर केसभर सरकला.

"थांब," धाकटा म्हणाला. "दादा, जरा थांब. खाली उतर."

ब्रश थांबला नाही. पट्टा अजून पुरा व्हायचा होता.

धाकट्याच्या कपाळावर एक थेंब पडला आणि नाकाच्या कडेनं ओठांपर्यंत ओघळला. तपकिरी होता. त्यानं जीभ लावायच्या आधीच त्याला कळलं.

तो थंड नव्हता.